गाठीतला रक्तप्रवाह दिसला म्हणजे निदान झाले असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्तनातील गाठीसाठी केल्या जाणाऱ्या काँट्रास्ट सोनोग्राफीविषयी हल्ली बरेच वाचायला मिळते. सूर बहुतेक एकच असतो: शिरेत एक इंजेक्शन, दोन मिनिटांची तपासणी, आणि गाठ साधी की कर्करोगाची हे तिथल्या तिथे कळते, सुई घालून तुकडा काढायची गरजच उरत नाही. यातले इंजेक्शन आणि दोन मिनिटे खरी. बाकीच्यावर विसंबून एखाद्या स्त्रीने बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणे, पुढे ढकलली तर नुकसान तिचे होईल, म्हणून हे सविस्तर पत्र.

या इंजेक्शनात रंग नसतो, किरणोत्सर्गी पदार्थ नसतो, आयोडीनही नसते. असतात ते वायूचे बुडबुडे. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सोनोव्ह्यू या औषधात सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूभोवती फॉस्फोलिपिडचे पातळ कवच असते आणि बुडबुड्याचा सरासरी व्यास सुमारे २.५ मायक्रॉन. तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रॉनची, त्यामुळे जिथून ती जाते तिथून हा बुडबुडाही जातो. फुप्फुसांच्या केशवाहिन्या ओलांडून हृदयाच्या डाव्या बाजूच्या रक्तात येतो. सीटी स्कॅनमधले आयोडीन किंवा एमआरआयमधले गॅडोलिनियम वाहिनीच्या भिंतीतून झिरपून ऊतींत उतरते. बुडबुडा उतरत नाही. तो रक्तातच राहतो. म्हणून पडद्यावर उजळते ते निव्वळ रक्त. 'एमआरआयमध्ये जसे दिसते तसेच हे' ही समजूत इथेच चुकते. एमआरआयमधले औषध 'धुऊन जाणे' आणि बुडबुडे ओसरणे या दोन वेगळ्या घटना आहेत.

बुडबुडा वेगळा ओळखू येतो तो त्याच्या वागण्यामुळे. ध्वनिलहरीचा दाब वाढला की तो आक्रसतो, दाब उतरला की फुगतो. पण जितका फुगतो तितका आक्रसत नाही. या असमान थरथरीमुळे परतणाऱ्या आवाजात मूळ वारंवारतेच्या पटीतले सूर मिसळतात. आसपासची ऊती इतक्या हलक्या आवाजाला जवळजवळ सरळ प्रतिध्वनी देते. यंत्र एकामागून एक उलटसुलट स्पंदने सोडून हा सरळ भाग वजा करते आणि उरलेला वाकडा भाग दाखवते. रक्तात बुडबुडे असले की प्रतिध्वनी उठतो हे ग्रॅमियाक आणि शाह या संशोधकांनी १९६८ मध्ये महाधमनीच्या मुळाशी दाखवून दिले होते. मात्र फुप्फुसांतून टिकून पलीकडे जाणारे बुडबुडे आणि त्यांना न फोडता पाहणारी यंत्रे यायला बराच काळ जावा लागला.

रक्तच का पाहायचे? १९७१ मध्ये जुडा फोकमन या शल्यचिकित्सकांनी मांडले की स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे फारशी वाढू शकत नाही. या नव्या वाहिन्या घाईत बांधलेल्या असतात: वाकड्यातिकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे आंधळ्या गल्लीसारख्या संपणाऱ्या. नेहमीच्या रंगीत डॉप्लरला (रक्तप्रवाह रंगांत दाखवणाऱ्या सोनोग्राफीला) त्यांतल्या मोठ्या तेवढ्या दिसतात. केशवाहिन्यांतला संथ प्रवाह त्याच्या हाती लागत नाही. बुडबुडे तिथेही पोचतात. तपासणीचे खरे बळ एवढेच आहे, आणि ते कमी नाही.

आता ती बिघडते कशी, ते. याची चर्चा क्वचितच होते, आणि चुकीच्या रिपोर्टांचे मूळ बहुधा इथेच असते.

कुपीत २५ मिलिग्रॅम कोरडी पूड असते. तीत ५ मिलिलिटर सलाइन घालून २० सेकंद जोरात हलवायचे, दुधासारखा एकजीव पांढरा द्रव होईपर्यंत. तयार द्रव सहा तासांत वापरायचा. पण बुडबुडे हलके. सिरिंजमध्ये भरून ठेवले की वर चढून बसतात. पेशंटला झोपवणे, प्रोब (स्तनावर टेकवायचा यंत्राचा भाग) जुळवणे यात पाच मिनिटे गेली आणि सिरिंज पुन्हा उलटीपालटी न करता इंजेक्शन दिले, तर आधी नुसते पाणी आणि मागून दाट बुडबुडे, किंवा उलट, असा विस्कळीत डोस शिरेत जातो. सुई बारीक असणे हा दुसरा घात. कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची नळी, २० गेजची किंवा त्याहून रुंद हवी; गेजचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. २४ गेजमधून जोरात ढकलले की काही बुडबुडे तिथेच फुटतात. तीन तोंडांची तोटी जोडली असेल तर काँट्रास्ट सरळ वाटेने आणि सलाइन बाजूच्या तोंडाने द्यावे. काटकोनात वळताना बुडबुडे फुटतात. लगेच मागून ५ ते १० मिलिलिटर सलाइन, म्हणजे औषध नळीत अडकून राहत नाही. तपासायच्या बाजूचा हात डोक्यावर घेतलेला असतो, त्यामुळे त्या बाजूची शीर काखेत दुमडू शकते. कॅन्युला दुसऱ्या हाताला बरी. त्या दुसऱ्या बाजूच्या काखेची आधी शस्त्रक्रिया झाली असेल तर मात्र आधी विचारून ठरवावे.

डोसविषयी स्तनाची स्वतःची अडचण आहे. अडीच मायक्रॉनचा बुडबुडा दोन ते चार मेगाहर्ट्झच्या आसपास सर्वांत जोमाने थरथरतो. यकृतासाठीचा प्रोब तिथेच काम करतो. स्तनासाठीचा प्रोब मात्र १२ ते १८ मेगाहर्ट्झचा, कारण बारीक तपशील हवा असतो. इतक्या वर बहुतेक बुडबुडे साथ देत नाहीत. म्हणून काँट्रास्टच्या वेळी कमी वारंवारतेचा लिनिअर प्रोब घेतात किंवा यंत्र स्वतः वारंवारता खाली आणते, आणि २.४ मिलिलिटरच्या नेहमीच्या डोसऐवजी पुष्कळ ठिकाणी ४.८ मिलिलिटर, म्हणजे जवळजवळ अख्खी कुपी देतात. डोस जास्त झाला तरी पंचाईत: वरचा थर इतका उजळतो की खालच्या भागावर सावली पडते आणि गाठीचा तळ काळा दिसतो. 'आतून मृत' अशी नोंद होते आणि प्रत्यक्षात तिथे आवाज पोचलेलाच नसतो.

त्यानंतर दाब. इथे दोन दाब सांभाळायचे असतात, एक आवाजाचा आणि एक हाताचा. आवाजाच्या दाबाचे माप पडद्याच्या कोपऱ्यात 'मेकॅनिकल इंडेक्स' म्हणून दिसत असते. काँट्रास्टसाठी तो साधारण ०.०५ ते ०.१० दरम्यान ठेवावा लागतो. नेहमीच्या सोनोग्राफीतले आकडे याच्या कित्येक पट असतात आणि त्या दाबाला बुडबुडे फुटतात. त्वचेलगतची उथळ गाठ असेल तर आकडा योग्य असूनही जवळच्या क्षेत्रातले बुडबुडे फुटू शकतात, म्हणून फोकस गाठीच्या किंचित खाली ठेवतात. हाताच्या दाबाकडे तर नेहमी दुर्लक्ष होते. साध्या सोनोग्राफीत चित्र स्पष्ट यावे म्हणून प्रोब दाबून धरायची सवय जडलेली असते. स्तन मऊ, तीच सवय इथे चालवली की बारीक वाहिन्या चेपून बंद होतात आणि रक्ताने भरलेली गाठ कोरडी दिसते. जेलचा जाड थर घालून प्रोब नुसता टेकवायचा आणि दोन मिनिटे तसाच स्थिर धरायचा. ऐकायला सोपे आहे. मनगटाला उशीचा आधार दिल्याशिवाय फार थोड्यांना जमते.

इंजेक्शनच्या आधी काँट्रास्टचा मोड लावून पडदा पाहिला पाहिजे. तो जवळजवळ काळा हवा. उजळ ठिपके असतील तर ते कॅल्शियमचे कण, आधीच्या बायोप्सीत खुणेसाठी ठेवलेली बारीक क्लिप किंवा तंतूंच्या पट्ट्या असतात आणि इंजेक्शननंतर तेच 'रक्तप्रवाह' म्हणून खपतात. एक फोटो आधीचा जपून ठेवला तर हा घोटाळा होत नाही. मग गाठीचा असा छेद, म्हणजे पडद्यावर दिसणारा काप, निवडायचा की गाठ पूर्ण दिसेल आणि बाजूला निरोगी ऊतीही येईल, कारण तुलना तिच्याशीच करायची असते. घड्याळ दर वेळी एकाच क्षणी सुरू करायचे. बहुतेक जण सलाइन ढकलायला सुरुवात करताना करतात. साधारण १० ते २० सेकंदांत पहिले बुडबुडे येतात. पहिले मिनिट अखंड व्हिडिओ, शक्यतो दोन मिनिटे. श्वास शांत, खोल श्वासाने छेद सरकतो आणि मग गाठ 'उशिरा उजळली' असे उगाच वाटते.

याचा अर्थ असाही की एका इंजेक्शनात एकच गाठ, तीही एकाच छेदात, नीट पाहता येते. दुसऱ्या गाठीसाठी दुसरा डोस लागतो, आणि पहिले बुडबुडे ओसरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते किंवा जोराचे स्पंदन देऊन ते फोडावे लागतात. 'एकदा काँट्रास्ट देऊन दोन्ही स्तन पूर्ण तपासून घ्या' ही मागणी म्हणूनच निरर्थक आहे. ही शोधण्याची तपासणी नव्हे. आधी सापडलेल्या गाठीकडे निरखून पाहण्याची आहे. मॅमोग्राफीची जागा ती घेत नाही. नुसत्या कॅल्शियमच्या बारीक कणांच्या रूपात दिसणारा, दुग्धनलिकेतच राहिलेला कर्करोग बऱ्याचदा सोनोग्राफीत दिसतच नाही. मग प्रोब धरायचा कुठे?

चित्र वाचताना काय पाहतात? कर्करोगाची गाठ बहुधा शेजारच्या ऊतीच्या आधी आणि अधिक उजळते, एकसारखी उजळत नाही, मध्ये काळे डाग राहतात. कडेला आत शिरणाऱ्या किंवा बाहेर पसरणाऱ्या वाहिन्या खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. आणि सर्वांत उपयोगी खूण म्हणजे साध्या चित्रात गाठ जेवढी दिसत होती तिच्याहून उजळलेला भाग मोठा निघतो, कारण कडेच्या, अजून घट्ट न झालेल्या भागातही नव्या वाहिन्या पोचलेल्या असतात. साध्या गाठी बहुधा एकसारख्या उजळतात किंवा उजळतच नाहीत. सीमा स्वच्छ, आकार तेवढाच. कडेला पातळ, गुळगुळीत कडी दिसली तर धीर येतो. जाड, ओबडधोबड कडी आणि मध्ये काळोख दिसला तर नाही.

'बहुधा' हा शब्द वरच्या परिच्छेदात मुद्दाम आला आहे. तरुण वयातला, पेशींनी भरलेला फायब्रोअ‍ॅडिनोमा ही साधी गाठ असूनही झपाट्याने आणि लख्ख उजळतो. दुग्धनलिकेतला पॅपिलोमा (बहुधा साधी वाढ) रक्ताने भरलेला असतो. स्तनाचा दाह, त्यातही ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, तर कर्करोगाची हुबेहूब नक्कल करतो: लवकर उजळतो, पसरतो, मध्ये पुवाचे काळे खिसे राहतात. दाहातही रक्त वाढते, बुडबुड्याला कारण कळत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. म्युसिनस प्रकारच्या कर्करोगात पेशींपेक्षा बुळबुळीत द्रवच जास्त असल्याने तो मंद उजळू शकतो. एक सेंटिमीटरहून लहान कर्करोग पुष्कळदा एकसारखा उजळतो, खेकड्याचे पाय त्याला फुटलेलेच नसतात. अगदी ज्या वेळी निदान लवकर व्हावे असे वाटते, त्याच वेळी ही तपासणी सर्वांत दुबळी असते.

म्हणून बायोप्सीबद्दलचा मुद्दा आकड्यांनी मांडतो. स्तनाच्या तपासण्यांचे रिपोर्ट बाय-रॅड्स या पद्धतीने लिहितात. त्यातल्या तिसऱ्या वर्गात कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांपर्यंत धरलेली आहे, आणि म्हणूनच तिथे सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे चालते. ४-अ म्हणजे दोनपेक्षा जास्त ते दहा टक्के, ४-ब दहापेक्षा जास्त ते पन्नास, ४-क पन्नासपेक्षा जास्त पण पंचाण्णवच्या आत. चौथ्या वर्गातल्या गाठीची बायोप्सी काँट्रास्टच्या बळावर टाळायची असेल तर 'शांत' दिसलेल्या गाठींमधला धोका दोन टक्क्यांखाली येतो हे त्या हातांनी, त्या यंत्रावर दाखवता आले पाहिजे. वर सांगितलेल्या नकला आणि निसटणाऱ्या गाठी पाहता तसा भरवसा देता येत नाही. बाय-रॅड्सच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत सोनोग्राफीच्या शब्दसंग्रहात डॉप्लरचा रक्तप्रवाह आणि गाठीचा कडकपणा यांना जागा आहे, बुडबुड्यांच्या तपासणीला नाही. अमेरिकेत सोनोव्ह्यूमधल्या औषधाची मान्यता हृदय, यकृत आणि मूत्रमार्गापुरती आहे. जपानने मात्र पर्फ्लुरोब्युटेन वायूच्या सोनाझॉइड या औषधाला स्तनातील गाठींसाठी २०१२ मध्ये मान्यता दिली. मतभेद आहेत ते असे. १४ गेजच्या सुईने काढलेल्या तुकड्याला त्यातल्या कोणीही बाद केलेले नाही.

मग उपयोग कुठे? आम्हाला तो सुईशी स्पर्धा करण्यात नव्हे, सुईला वाट दाखवण्यात दिसतो. मोठ्या गाठीचा मधला भाग पुष्कळदा मेलेला असतो; तिथून तुकडा घेतला तर पॅथॉलॉजिस्टला मृत ऊती आणि तंतू यांपलीकडे काही दिसत नाही आणि बायोप्सी पुन्हा करावी लागते. उजळलेल्या भागात सुई नेली तर ती वेळ टळू शकते. अर्थात काँट्रास्ट आधी, बायोप्सी मागाहून. उलट क्रमाने केले तर सुईच्या वाटेवर साकळलेले रक्त काळे आणि भोवतीची सूज उजळ दिसते, आणि वाचणारा गोंधळतो. पाण्याच्या गाठीत काहीतरी घट्ट दिसत असेल तर तो साका आहे की जिवंत वाढ हे ठरवायला याच्याइतके सरळ साधन सोनोग्राफीत दुसरे नाही: साक्याला रक्त नसते, तो काळाच राहतो. जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण आणि त्याच जागी परतलेला आजार यांत फरक करायलाही तोच नियम उपयोगी पडतो, पण व्रण जुना हवा. ताजा व्रण स्वतःच उजळतो.

शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी चालू असताना गाठीचा आकार कमी होण्याआधी रक्त कमी झालेले दिसू शकते. त्याचा अर्थ औषध लागू पडते आहे असा घेता येतो. गाठ संपली असा घेता येत नाही. मागे उरलेल्या कर्करोगपेशींच्या विखुरलेल्या सूक्ष्म बेटांना दिसण्याजोगे रक्त नसते. गाठीच्या जागी उपचाराआधी क्लिप बसवलेली नसेल तर पुढे कुठे पाहायचे हाच प्रश्न पडतो, आणि पूर्ण विस्तार मोजायला एमआरआयच लागतो.

एक निराळा वापर काखेसाठी आहे. त्यात शिरेत काही देत नाहीत. स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला त्वचेत थोडेसे, साधारण ०.२ ते ०.५ मिलिलिटर, टोचून हलका मसाज करतात. बुडबुडे लसिकावाहिनीतून उजळ रेघेसारखे काखेकडे सरकतात आणि पहिल्या, म्हणजे सेंटिनेल, ग्रंथीत थांबतात. ती ग्रंथी तिथेच सुईने तपासता येते. पण कर्करोगाने पूर्ण भरलेल्या ग्रंथीत बुडबुडे शिरतच नाहीत, आणि मग लसिकाद्रव आडवाटेने दुसऱ्याच ग्रंथीकडे जाते. म्हणून आधी साध्या सोनोग्राफीत काख पाहून संशयास्पद ग्रंथीची बायोप्सी करायची. ही युक्ती वरवर निरोगी दिसणाऱ्या काखेसाठी.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात. वायू श्वासावाटे पंधरा मिनिटांत जवळजवळ पूर्ण बाहेर जातो, मूत्रपिंडावर भार नाही, त्यामुळे क्रिएटिनिन तपासायची गरज नसते. गंभीर अ‍ॅलर्जी फार विरळ आहे, पण आहे. म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी आणि इंजेक्शननंतर अर्धा तास निरीक्षण. सोनोव्ह्यूमध्ये मॅक्रोगॉल असते, हाच घटक काही रेचकांत आणि इतर औषधांतही असतो. त्याची अ‍ॅलर्जी पूर्वी झाली असेल तर हे औषध देऊ नये. फुप्फुसाच्या रक्तदाबाचा तीव्र आजार किंवा अलीकडचा हृदयविकाराचा झटका असेल तर ते आधी सांगायलाच हवे.

राहता राहिले आलेख. यंत्र गाठीतली चमक वेळेनुसार रेखाटते आणि शिखर किती, शिखराला किती सेकंद, वक्राखालचे क्षेत्रफळ किती असे आकडे देते. दशांश चिन्हानंतर दोन स्थळे असली की आकड्याला वजन येते. पण चौकट गाठीच्या उजळ कोपऱ्यात आखली की संपूर्ण गाठीभोवती, यावर तो आकडा उलटू शकतो. एका कंपनीच्या यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. त्याच यंत्रावर गेन (प्रतिध्वनी किती वाढवून दाखवायचा ते) बदलला तरी नाही.

या तपासणीच्या रिपोर्टात निष्कर्षाआधी काही गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, आणि त्या मागून घ्यायचा पेशंटला हक्क आहे: कोणते औषध आणि किती मिलिलिटर, कोणता प्रोब, मेकॅनिकल इंडेक्स किती, गाठ घड्याळाच्या कितव्या काट्यावर आणि स्तनाग्रापासून किती सेंटिमीटरवर, साध्या चित्रातले माप आणि उजळल्यानंतरचे माप, शेजारच्या ऊतीच्या तुलनेत गाठ आधी उजळली की नंतर, आणि छेद शेवटपर्यंत टिकला की सरकला. सोबत नुसते दोन फोटो नकोत, पूर्ण व्हिडिओ हवा. तो नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला मत देता येत नाही, आणि केमोथेरपीच्या पुढच्या टप्प्यावर तुलना करायला हाती काही उरत नाही.

आपले,
स्तनांची सोनोग्राफी आणि बायोप्सी करणारे काही रेडिओलॉजिस्ट